भावनांची मोजणी

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या पोलिसांनी विशीतल्या दोन मुलींना अटक केली. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. हा बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी, अशा अर्थाचं काहीतरी एकीनं फेसबुकवर लिहिलं. दुसरीनं ते लाइक केलं. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि दोघींना कोर्टापुढे उभं राहावं लागलं. पुढे गुन्हा टिकला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे ६६अ कलम त्यांना लावलं होतं, तेच सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत हे प्रकरण नेहमी येतं आणि यायलाच हवं. पण त्यात पहिलीपेक्षा दुसरी मुलगी मला जास्त महत्त्वाची वाटते. तिनं काही म्हटलं नव्हतं. मैत्रिणीच्या बोलण्यावर माणूस जशी मान डोलावतो, तशी तिनं डोलावली होती. एरवी अशी मान डोलावलेली दोन मिनिटांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही. इथे तिची नोंद झाली, तिच्यापुढे नाव लागलं, ती अनोळखी लोकांना दिसली आणि त्यांनी तिच्यावरून ही मुलगी कोण, कुठली, कुणाच्या बाजूची हे ठरवून टाकलं.

फेसबुकवर लाइकचं बटण आलं फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे या अटकेच्या आधी पुरती चार वर्षंही नाहीत. हेतू अगदी किरकोळ होता. फोटोखाली 'छान', 'मस्त', 'अभिनंदन' अशा एकाच छापाच्या प्रतिक्रियांची रांग लागते, ती कमी व्हावी. त्या किरकोळ सोयीनं झालं असं, की दुसऱ्याविषयी वाटणारं काहीतरी पहिल्यांदाच मोजता येऊ लागलं, आणि ती मोजणी चारचौघांत उघडी टांगली गेली. ज्या संग्रहाची ही प्रस्तावना आहे, त्यातल्या लेखांचा विषय वरवर पाहता 'सोशल मीडिया आणि तरुणांचं मानसिक आरोग्य' असा आहे. माझ्या मते त्यांचा खरा विषय ही मोजणी आहे. आपण कोण आहोत हे ज्या वयात ठरायचं असतं, त्याच वयात आपल्याविषयी लोकांना काय वाटतं याचा आकडा दर तासाला हातात येत असेल, तर ते ठरणं कसं होतं? शिक्षक, समुपदेशक, पालक आणि स्वतः विशीतली मुलंमुली अशा वेगवेगळ्या लोकांनी हे लेख लिहिले आहेत. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि ते जुळवून आणावं असं मला संपादन करताना कधी वाटलं नाही.

आधी एक प्रश्न बाजूला ठेवतो, कारण पालकसभेत तोच सगळ्यात आधी विचारला जातो: किती तास चालेल? मोबाइलचा प्रश्न तासांत मोजण्याची सवय आपल्याला टीव्हीच्या काळापासून लागली आहे आणि संशोधकांनाही ती लागली होती. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. त्यांच्या हाती लागलेला निष्कर्ष बऱ्याच जणांना पचला नाही. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येत होता. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा आणि मनःस्वास्थ्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघत होता. दुसऱ्या टोकाला जोनाथन हाइट. मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'द अँक्शस जनरेशन' या पुस्तकात त्यांनी साधारण २०१० नंतर किशोरांमध्ये वाढलेल्या चिंता आणि नैराश्याचं खापर स्मार्टफोनवरच्या बालपणावर फोडलं. हे पुस्तक जगभर गाजलं. आपल्या केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीतही त्याचा हवाला आहे. मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांनी 'नेचर'मध्ये त्याची कठोर समीक्षा केली; दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणजे एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा.

या वादात कुणाची बाजू घ्यायची? मी सरासरीच्या बाजूचा नाही, एवढं सांगतो. लंडनमधल्या मॉली रसेल या चौदा वर्षांच्या मुलीनं नोव्हेंबर २०१७ मध्ये आयुष्य संपवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या मृत्यूची अधिकृत चौकशी पूर्ण झाली, तेव्हा नैराश्याच्या जोडीला ऑनलाइन मजकुराचा घातक परिणाम हेही कारण म्हणून नोंदवलं गेलं. शेवटच्या सहा महिन्यांत तिनं इन्स्टाग्रामवर साठवलेल्या, लाइक केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या १६,३०० पोस्टपैकी २,१०० पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. आठातली साधारण एक. ती रोज किती तास फोनवर असे, या आकड्यातून यातलं काहीच कळलं नसतं. तिच्या वर्गातली दुसरी एखादी मुलगी तेवढेच तास नाचाचे आणि मांजरांचे व्हिडिओ बघत असेल, आणि सरासरीत दोघी शेजारी शेजारी बसल्या असत्या.

तासांपेक्षा उपयोगी प्रश्न विचारणारं एक संशोधन इथे नोंदवतो. २००४ पासून फेसबुक अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये एकदम न येता एकेका कॉलेजात क्रमानं सुरू झालं. त्या क्रमाचा आधार घेऊन लुका ब्रागिएरी, रोई लेव्ही आणि अलेक्सी मकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी फेसबुक पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार फेसबुक पोहोचलं तिथे विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य ढासळलं, आणि त्याचं सगळ्यात संभाव्य कारण त्यांना दिसलं ते इतरांशी स्वतःची तुलना. आता गंमत बघा. हा लाइकच्या बटणाच्या आधीचा काळ. हातात स्मार्टफोन नाही, रील नाहीत. नुसते दुसऱ्यांचे फोटो आणि त्यांच्या पार्ट्या दिसणं पुरेसं होतं. म्हणजे माझा मोजणीचा मुद्दा सगळं काही सांगत नाही. तुलना आधीपासून होती. आकड्यानं तिला धार आली.

ती कशी आली हे कळायला या कंपन्या भावनांचं काय करतात ते थोडं बघावं लागेल. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकनं ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या समोर येणाऱ्या मजकुरात फेरफार केला. काहींना मित्रांच्या आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी पोस्ट कमी दाखवल्या, आणि मग त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात काय बदल होतो ते तपासलं. ज्यांना आनंदी पोस्ट कमी दिसल्या, त्यांच्या लिहिण्यात आनंदाचे शब्द किंचित घटले. परिणाम खरोखर किंचितच होता, पण २०१४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा गदारोळ परिणामाच्या मापावरून झाला नाही. आपल्यावर असा प्रयोग चाललाय हे त्या जवळजवळ सात लाख माणसांना कुणी विचारलं नव्हतं, की सांगितलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं, खातं उघडताना अटींवर 'मान्य' म्हटलं होतंच की.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लाइकच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग अशी चिन्हं आली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, चला, भावना व्यक्त करायला जरा जास्त जागा झाली. आत वेगळाच हिशेब सुरू होता. कुठली पोस्ट किती लोकांना दाखवायची हे ठरवताना २०१७ पासून साध्या लाइकला एक गुण आणि या प्रत्येक चिन्हाला पाच गुण दिले जात होते. किराणा दुकानदार उठाव असलेला माल पुढच्या फळीवर मांडतो तशी रागावलेली पोस्ट पुढच्या फळीवर आली. रागाचं चिन्ह जास्त मिळवणाऱ्या मजकुरात खोटी आणि विषारी माहितीही जास्त असते, हे कंपनीच्याच संशोधकांनी दाखवून दिल्यावर काही वर्षांनी रागाचे गुण शून्य केले गेले. हे सगळं जगाला कळलं २०२१ मध्ये, फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली तेव्हा. त्याच कागदांत इन्स्टाग्रामविषयीचं २०१९ चं एक सादरीकरण होतं. दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या मनातली स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी आपण वाढवतो, असं त्यात कंपनीच्या लोकांनी स्वतःच्या कंपनीबद्दल लिहून ठेवलं होतं.

२०२१ पासून इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा लपवायची सोय आहे. ज्याला हवी त्यानं सेटिंगमध्ये जाऊन शोधायची. न शोधणाऱ्याला आकडा दिसतच राहतो.

हा आकडा डोक्यात काय करतो, याचा एक छोटा प्रयोग २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. तेरा ते अठरा वयाच्या ३२ मुलामुलींना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना फोटो दाखवले. तोच फोटो निम्म्यांना भरपूर लाइकांसह, निम्म्यांना मोजक्या लाइकांसह. भरपूर लाइक असलेला फोटो मुलं स्वतःही जास्त लाइक करत होती, आणि स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग चेतत होता. फोटो तोच. आवडनिवड आकड्यानं ठरत होती. ३२ मुलांवरून जगाचा न्याय करू नये हे खरं, पण वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

आता ओळखीकडे येऊ. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९६८ च्या आपल्या पुस्तकात तरुणपणाला समाजाकडून मिळणाऱ्या एका सवलतीबद्दल लिहिलं आहे. मोठं होण्याआधी एक मुभेचा काळ मिळतो. त्या काळात वेगवेगळ्या भूमिका अंगावर चढवून बघायच्या, चुकायचं, उतरवून ठेवायच्या, आणि या सगळ्याचा हिशेब कुणी मागायचा नाही. आपल्याकडे ही सवलत सगळ्यांना सारखी कधीच नव्हती. मुलींना नव्हती, लहान वयात कामाला लागलेल्यांना नव्हती. तरी कॉलेजात सहा महिने भयंकर कविता लिहिणारा, मग अचानक तालमीत जाणारा, मग मोर्चांत दिसणारा आणि शेवटी मुकाट बँकेच्या परीक्षा देणारा मुलगा प्रत्येक बॅचमध्ये असायचा. त्याच्या कविता वह्यांबरोबर रद्दीत जात. आजच्या मुलाच्या कविता राहतात. त्या दरवर्षी त्याच तारखेला 'मेमरीज' म्हणून परत येतात. स्टोरी चोवीस तासांत जाते असं म्हणतात, पण स्क्रीनशॉट कुणी काढून ठेवला हे कोण सांगणार?

आणि प्रेक्षक. लोक काय म्हणतील या धाकात वाढण्याचा अनुभव मराठी घराला नवा नाही, आणि जुनं सगळं निर्मळ होतं असं मानणाऱ्यांतला मी नाही. पण त्या लोकांना चेहरे होते आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी भेटत. कट्ट्यावरचा मुलगा वेगळा, आजीसमोरचा वेगळा, क्लासच्या सरांसमोरचा वेगळा, आणि त्यात लबाडी काही नव्हती. एका फोटोखाली हे सगळे एकत्र जमतात तेव्हा मुलानं कुठला चेहरा धरायचा? अमेरिकी किशोरांबरोबर अनेक वर्षं काम केलेल्या डाना बॉइड यांनी २०१४ मधल्या आपल्या पुस्तकात मुलांनी यावर काढलेल्या तोडग्यांविषयी लिहिलं आहे. आईला आनंदी वाटेल आणि मैत्रिणींना मात्र नेमकं दुखणं कळेल अशी गाण्याची ओळ टाकायची, हा त्यातला एक. तोच तोडगा लातूरला किंवा चिपळूणला कुणी पुस्तक न वाचता शोधला आहे. रात्री साडेअकराला स्टेटसला दर्दभरं गाणं लागतं. काकामामांना ते हाइड केलेलं असतं. ज्याच्यासाठी लावलं त्यानं 'सीन' केलं की नाही, हे बघायला पुन्हा पुन्हा फोन उघडला जातो. त्याच मुलीचं एक इन्स्टा अकाउंट घरच्यांना माहीत असतं, दुसरं प्रायव्हेट असतं आणि त्यावर पंधरावीस जणी असतात. मोठी माणसं याला लपवाछपवी म्हणतात. मला तर तो एरिक्सनच्या मुभेचा एक कोपरा राखून ठेवायचा केविलवाणा पण शहाणा प्रयत्न वाटतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. 'असर' या संस्थेनं २०२३ मध्ये ग्रामीण भारतातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे खेड्यातल्या बऱ्याचशा मुली भावाच्या, वडिलांच्या नाहीतर आईच्या फोनवरून या जगात येतात, आणि येतात तेव्हा मागे कुणीतरी उभं असतं. डीपीला स्वतःचा चेहरा ठेवायची सोय नसते. तिथे गुलाब असतो, बाळकृष्ण असतो, नाहीतर पाठमोरी, चेहरा नसलेली मुलगी. परदेशी संशोधनात किशोरवयीन मुलींच्या दुःखाचं केंद्र चेहरा आणि शरीर दाखवण्याच्या दडपणात सापडतं. आपल्याकडच्या अनेकींचं दडपण याच्या उलट बाजूनं येतं: दिसलो तर काय होईल. कुणीतरी फोटो उचलेल, एडिट करेल, घरी कळेल, शिक्षण बंद होईल. या दोन भीतींना 'सोशल मीडियाचा दुष्परिणाम' अशा एकाच खणात टाकलं की दोन्ही समजत नाहीत.

मुलग्यांच्या दुखण्याबद्दल आपण फार कमी बोललो आहोत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. तोपर्यंत शहरी मध्यमवर्गाच्या ताब्यात असलेलं हे मैदान दोनतीन वर्षांत तालुक्यातालुक्यात पोहोचलं. टिकटॉकनं तर भाषा, कपडे, रंग कशाचीच अट घातली नाही. शेतात, विटभट्टीवर, एसटी स्टँडवर व्हिडिओ बनले आणि लाखोंनी पाहिले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली त्यात टिकटॉक गेलं. सुमारे वीस कोटी भारतीय ते वापरत होते. राष्ट्रीय सुरक्षेच्या अंगानं त्या निर्णयाची पुष्कळ चर्चा झाली. एका रात्रीत आपले सगळे प्रेक्षक गमावलेल्या विशीतल्या पोरांचं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. तिथे आधीपासून बसलेली मंडळी वेगळ्या थरातली होती, आणि टिकटॉकवरून आलेल्यांना तिथे 'छपरी' हे विशेषण मिळालं. या शब्दात जातीचा आणि वर्गाचा जो वास आहे तो आपल्याकडच्या मानसिक आरोग्याच्या चर्चेत अजून पोहोचलेला नाही.

स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलांचं उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. पुण्यातल्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये दहा-दहा, बारा-बारा तास बसणारी ही मुलं. लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की ज्याला नोकरीची पोस्ट मिळाली त्याचा गुलालानं माखलेला व्हिडिओ फिरायला लागतो. आईच्या डोळ्यांतलं पाणी, गावातली मिरवणूक, मागे जोशातलं गाणं. त्या आनंदात खोटं काही नसतं. पण निवडले जातात थोडे आणि व्हिडिओ बघतात सगळे. गेल्या वर्षीपर्यंत जो शेजारच्या टेबलावर बसून डबा खात होता, त्याचा सत्कार मोबाइलमध्ये सात दिवस चालतो, आणि मग घरून फोन येतो: अमक्याचं झालं म्हणे, तुझं काय? इथे तुलना सिनेतारकेशी नाही, परदेशातल्या कुणाशी नाही. आपल्यासारख्याच घरातून आलेल्या, आपल्यासारख्याच पोराशी आहे, म्हणून ती जास्त लागते. लिओन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडताना नेमकं हेच म्हटलं होतं, की माणूस आपल्याशी मिळत्याजुळत्या माणसाशी स्वतःला ताडून पाहतो. अनेक वर्षं 'मी एमपीएससी करतो' हीच ज्याची ओळख असते, त्याच्या बायोमध्ये निकालानंतर काय लिहायचं?

दुःख असं आत साचतं; राग बाहेर पडतो आणि त्याला माणसं लगेच मिळतात. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस ठेवल्याबद्दल ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलंही होती. त्याच्याही आधी, जून २०१४ मध्ये, आक्षेपार्ह फेसबुक पोस्टवरून पुण्यात हडपसरला जमावानं एका तरुणाला ठार मारलं होतं. त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. या घटनांकडे आपण कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून बघतो, राजकारण म्हणून बघतो, आणि दोन्ही बरोबर आहे. त्यांच्यात एक तिसरी गोष्टही आहे. ज्या मुलाला नोकरी नाही, शिक्षणात रस उरलेला नाही, घरात किंमत नाही, त्याला जातीचं किंवा धर्माचं एक जळजळीत स्टेटस ठेवल्यावर दहा मिनिटांत चाळीस जणांची शाबासकी मिळते. 'भावा, नाद नाही करायचा.' इतक्या स्वस्तात इतकी पक्की ओळख त्याला दुसरं कोण देणार? पाच गुणांचा तो हिशेब अमेरिकेत बसून कुणी केला. त्याची किंमत मोजणाऱ्यांत कोल्हापूरचा रस्ताही आहे असं मी म्हटलं तर काहींना ते ओढून ताणून वाटेल. व्हॉट्सॲपवर तर असे गुणही नाहीत, हेही मला माहीत आहे. पण रागाला दाद मिळते ही सवय एका ॲपवर लागते आणि दुसऱ्यावर सोबत येते.

मानसिक आरोग्याविषयी बोलण्याची लाज या माध्यमांनीच कमी केली, हे मान्य न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. 'पॅनिक अटॅक', 'थेरपी', 'अँक्झायटी' हे शब्द आज अकरावीतल्या मुलांच्या तोंडी आहेत. समलिंगी मुलाला आपल्यासारखं आणखी कुणी आहे हे गावात कळलं नसतं, ते फोनवर कळतं. आंबेडकरी तरुणांनी वर्तमानपत्रांनी कधी न दिलेली जागा यूट्यूबवर स्वतः तयार केली. बहिऱ्या मुलांना व्हिडिओ कॉलमुळे पहिल्यांदा आपल्या भाषेत लांबच्या मित्राशी गप्पा मारता आल्या. हा आधार खरा आहे. अडचण पुढे येते. तीस सेकंदांची रील लक्षणं सांगते, मुलगी ती स्वतःला लावून बघते, आणि तशीच आणखी दहा रील तिच्यापुढे येतात. उदासी ही तिला झालेली गोष्ट राहत नाही, हळूहळू ती कोण आहे याचं उत्तर होऊन बसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार होते. त्यांना आणि नुसत्या वाईट दिवसातून जाणाऱ्यांना वेगळं ओळखणारं माणूस बहुतेक शाळांत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची सरकारी सेवा चालते. हा क्रमांक मी इथे मुद्दाम छापला आहे, कारण प्रस्तावना सहसा पालक वाचतात.

उपायांबद्दल या संग्रहात मतभेद सगळ्यात तीव्र आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहतील. या प्रयोगाची थट्टा करणारे पुष्कळ होते. मला त्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट दिसते: बंदी मुलांपुरती नव्हती, त्यांच्या आईबापांनाही होती. शिवाय सगळ्यांचे फोन एकदमच बंद, त्यामुळे आपण काहीतरी हुकवतोय ही रुखरुख कुणालाच नाही. एकट्या मुलाचा फोन काढून घेणाऱ्या शहरी पालकाला हे साधत नाही. ऑस्ट्रेलियानं याहून मोठं पाऊल टाकलं. डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, आणि दंड मुलाला किंवा पालकाला नसून कंपनीला आहे. तिथे काय होतं ते कळायला वेळ लागेल.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती असं ठरवलं आहे. मुलाचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आहे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य बंधनं लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत आहे. मनाईचा भाग मला संमतीच्या भागापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण तो तासांना हात न लावता मोजणीला हात लावतो. संमतीच्या भागाबद्दल मात्र शंका आहे. कायद्याच्या डोळ्यांसमोर एक मूल आहे, त्याचं स्वतःचं खातं आहे आणि ते समजून घेणारे आईवडील आहेत. भावाच्या फोनवर, भावाच्या नावाच्या सिमवर, गुलाबाचा डीपी लावून वावरणारी सोळा वर्षांची मुलगी त्या यंत्रणेला एकवीस वर्षांचा मुलगा म्हणून दिसते. तिची संमती कोण देणार, आणि जिला घरात विचारण्याचीच चोरी आहे तिनं ती मागायची कुणाकडे? संग्रहाचा पहिला विभाग अशाच मुलींनी लिहिलेल्या लेखांचा आहे. त्यातल्या बहुतेकींनी नाव न छापण्याची अट घातली होती, ती पाळली आहे.